सर्जेराव तात्या घाट उतरले

आमच्या भागात नवी गाडी दारात आली की शेजारीपाजारी बॉनेटवर हात ठेवून पहिलं विचारतात, "ॲव्हरेज किती देती?" मग पिकअप, मग रंग, मग एसी. ती थांबते कशी हे विचारणारा माणूस मला क्वचितच भेटला. थांबणं सगळ्यांनी गृहीत धरलेलं असतं, आणि माझं सगळं आयुष्य त्या गृहीत धरलेल्या गोष्टीवरच गेलं. बारामतीत भिगवण रस्त्याला माझं गॅरेज आहे. सुरुवातीला इंजिन, क्लच, सगळंच करत होतो. पण मन रमलं ते ब्रेकमध्येच. आता कुणी इंजिन घेऊन आलं तर मी सरळ पुढच्या गॅरेजचा रस्ता दाखवतो. दिवाळी अंकासाठी लिहा असं संपादक म्हणाले तेव्हा मी त्यांना म्हणालो, माझ्या हाताला कायम काळं लागलेलं असतं, तुमचा कागद खराब होईल. ते म्हणाले, होऊ द्या.

तर आधी ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. चाकाच्या आतल्या बाजूला बिडाची एक जाड थाळी असते. तिला आम्ही डिस्क म्हणतो. ती चाकाबरोबर फिरते. तिला दोन्ही बाजूंनी चिमट्यासारखा धरणारा भाग म्हणजे कॅलिपर, आणि त्या चिमट्याच्या तोंडाशी झिजणारे जे दोन तुकडे असतात ते पॅड. तुम्ही पायानं पेडल दाबलं की ब्रेक ऑइलच्या दाबानं चिमटा मिटतो आणि पॅड डिस्कला धरतात. गाडीचा सगळा वेग तिथं उष्णता होऊन जिरतो. ही उष्णता बाहेर टाकता आली नाही की ब्रेक दमतात, पेडल खाली जातं आणि गाडी पळतच राहते. म्हणून काही लोक कंपनीची डिस्क काढून बाहेरची, जास्त चांगली डिस्क बसवतात. माप तेच, पण बीड उत्तम, आत हवा खेळायला मोठ्या वाटा, आणि तोंडावर तिरक्या खाचा. पोरं तिला रेसिंगची डिस्क म्हणतात. बारामतीत रेस कुठं आहे ते मला अजून सापडलेलं नाही.

या डिस्का बसवून घ्यायला येणारी निम्मी माणसं दिसण्यासाठी येतात हे मी कबूल करतो. इंदापूरच्या बाजारातल्या एका आडत्याला डिस्कला भोकं पाहिजे होती, कारण त्याच्या साडूच्या डिस्कला भोकं होती. मी म्हटलं, "शेठ, तुमची गाडी घर ते बाजार एवढीच जाती. भोकं काय करायची?" तर म्हणाला, "साडूबी कुठं लांब जातोय?" बसवून दिली. एका पोराला कॅलिपर लाल रंगवून हवे होते. टायर मात्र टक्कल पडलेले. त्याला मी सांगितलं की गाडी शेवटी टायर थांबवतो, आधी ते बदल. तो रंग दुसरीकडं लावून आला आणि मुद्दाम माझ्या गॅरेजासमोरून दोन चकरा मारून गेला. ब्रेकला लोक दागिना समजतात, याचं मला वाईट वाटतं. चांगलं काम करूनही ते कशासाठी केलं हे गिऱ्हाइकाला ठाऊक नसलं की संध्याकाळी हात धुताना मजा येत नाही.

पण एकदा मात्र असं काम आलं की त्याची मजा मला आजही पुरते. तेच सांगायचं आहे.

भवानीनगरजवळ सर्जेराव तात्यांची वस्ती. कालव्याच्या अंगाला ऊस, कारखान्याचे जुने सभासद, पंचाहत्तरीचा पण ताठ माणूस. त्यांचा मुलगा प्रशांत एक दिवस गाडी घेऊन माझ्याकडं आला आणि मागच्या सीटवरून एक जड खोकं उचलून त्यानं माझ्या टेबलावर ठेवलं. आत दोन डिस्का, खाचावाल्या. ऑनलाइन मागवलेल्या. माझ्या कपाळाला आठी पडली. म्हटलं, आलं अजून एक दागिनेवालं.

"काका, ह्या बसवायच्या. पण नीट बसवायच्या. तात्यांस्नी घाट उतरवायचाय," तो म्हणाला.

मग त्यानं सगळं सांगितलं. त्याची बहीण सुनंदा पोलादपूरकडं दिलेली. काही वर्षांपूर्वी तात्या आणि त्यांची बायको, आमच्या काकी, तिला भेटायला निघाले होते, प्रशांतच गाडी चालवत होता. महाबळेश्वर सोडून आंबेनळी घाट उतरताना चाकांतून धूर निघाला. स्टिअरिंग थडथडायला लागलं आणि पेडल पार तळाला गेलं. प्रशांतनं गाडी डोंगराच्या बाजूला गटारात घातली म्हणून सगळे वाचले. कुणाला खरचटलंसुद्धा नाही. पण तात्या खाली उतरले ते परत गाडीत बसलेच नाहीत. वर जाणारी एस.टी. थांबवली आणि आल्या वाटेनं घरी आले. त्यानंतर त्यांनी घाट म्हणून पाहिला नाही. सुनंदा सणावाराला यायची, तिच्या पोराबाळांना घेऊन यायची. पण बापानं लेकीचं घर पाहिलेलं नव्हतं.

आणि आता ती हट्टाला पेटली होती. सासरच्या पडीक उतारावर तिनं एकटीनं हापूसची कलमं लावली होती. उन्हाळ्यात डोक्यावरून पाणी आणून जगवली होती. यंदा त्यांना पहिल्यांदा आंबा धरला होता. तात्यांनी फोनवर सांगितलं, एक पेटी पाठव. ती म्हणाली, "पेटी न्हाय पाठवणार. अक्षय्य तृतीयेला झाडाखाली येऊन खावा, न्हायतर यंदाचा आंबा तुमच्या वाट्याला न्हाय." आणि तिनं फोन ठेवला. तात्या त्यानंतर दोन दिवस नीट जेवले नाहीत, असं प्रशांत म्हणाला. जायचं तर होतं, पण घाटाचं नाव काढलं की ते उठून उसात निघून जायचे.

मी खोक्यातल्या डिस्का बाहेर काढून मापल्या. माल चांगला होता. गाडी जॅकवर घेऊन जुन्या डिस्का पाहिल्या तर त्या निळ्या-काळ्या पडलेल्या, पॅड काचेसारखे गुळगुळीत, आणि ब्रेक ऑइल चहाच्या रंगाचं. गाडीला त्या प्रसंगानंतर कुणा मिस्त्रीचा हातच लागला नव्हता; गावातल्या गावात फिरत होती. मी प्रशांतला विचारलं, "घाट उतरताना गिअर कुठला व्हता?" तो म्हणाला, "चौथा असंल." म्हणजे सगळा घाट त्यानं ब्रेकवर पाय ठेवून उतरवला होता. कुठलीही डिस्क दमली असती.

"डिस्क बसवतो, पॅड बदलतो, ऑइल बदलतो. पण तुझा पायबी बदलावा लागंल," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी काम काढलं तर सकाळीच स्वतः तात्या गॅरेजात हजर. धोतर, टोपी, हातात काठी. एसटीनं आले होते. सपाट रस्त्यावर एसटी त्यांना चालायची. मी खुर्ची दिली ती त्यांनी उचलून थेट चाकाजवळ मांडली आणि बसले. मी जुनी डिस्क काढली, डिस्क जिथं बसते त्या हबच्या तोंडावरचा गंज तारेच्या ब्रशनं घासायला लागलो. त्या गंजाचा एक कण जरी मागं राहिला तरी नवी डिस्क किंचित वाकडी बसते आणि पुढं स्टिअरिंग थडथडतं. पुष्कळ ठिकाणी हे घासणं कुणी करत नाही. तात्या बघत होते.

"मिस्त्री, एवढं घासताय ते कुणाला दिसणार हाय?"

"कुणालाच न्हाय तात्या. पण गाडीला कळतं."

त्यांनी मान हलवली. मग नवी डिस्क दोन्ही हातांत घेऊन, नांगराचा फाळ पारखावा तशी उलटसुलट करून पाहिली. नखानं वाजवली. "बीड चांगलं हाय," म्हणाले. "पण ही थाळी एवढी गाडी थांबवणार व्हय?"

मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. चिमटा दाखवला, पॅड दाखवले, प्रशांतला पेडल दाबायला लावून ऑइलमधली हवा कशी काढतात ते दाखवलं. डिस्क बसवल्यावर तिच्या तोंडाला गेज लावून ती सरळ फिरते का तेही त्यांच्या डोळ्यांदेखत पाहिलं. काटा जागचा हलला नाही तेव्हा माझ्याइतकाच आनंद त्यांना झाला असावा, कारण त्यांनी स्वतः उठून चहा सांगितला. चहा पिताना मात्र म्हणाले, "मिस्त्री, तुमी म्हणताय म्हणून थांबंल. पण एक सांगतो. तुमी गाडीत बसणार असाल तर मी बसतो. बसिवणारा घरी आन् बसणारा घाटात, असं न्हाय चालायचं."

इतक्या वर्षांत असं मला कुणी म्हटलं नव्हतं. मी हो म्हणालो. खरं सांगायचं तर मला अभिमान वाटला, आणि थोडी भीतीही. आपण केलेल्या कामात आपणच बसून घाट उतरायचा, म्हणजे बोलण्यात पळवाट राहत नाही.

अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशी सकाळी मी मोटरसायकलवरून वस्तीवर गेलो. गाडी धुऊन पुसून लखलखीत, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, हार. काकींनी दशम्या बांधलेल्या. तात्या नवी टोपी घालून मागच्या सीटवर आधीच बसले होते, पुढच्या सीटची पाठ दोन्ही हातांनी घट्ट धरून. मी प्रशांतच्या शेजारी बसलो. वस्तीपासून कालव्याच्या रस्त्याला उतरायला छोटासा उतार आहे, खाली वळण. गाडी आरामात निघाली. वळण आलं, प्रशांतनं ब्रेक दाबला.

गाडी थांबली नाही.

वेग काही फार नव्हता, पण गाडी साबणावरून घसरल्यासारखी पुढं जात राहिली. प्रशांत ओरडला, मी हँडब्रेक ओढला, आणि गाडी वळण सोडून बांधावर चढली. तात्यांच्याच खोडव्याच्या उसात तोंड घालून उभी राहिली. काचेवर उसाची पाती. मागं काकी देवाचं नाव घेत होत्या.

ते खाली उतरले. टोपी काढून हातात घेतली. माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी न्हाय येत. सुनंदाला सांगा, म्हातारा भ्याला." आणि वस्तीकडं चालायला लागले.

मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं, असं झालं. प्रशांत माझ्याकडं बघत होता आणि त्याच्या नजरेत जे होतं ते मला वाचता येत होतं. काकी पदरानं डोळे पुसत होत्या. मी बांधावर तसाच उभा राहिलो. मग हळूहळू डोकं चालायला लागलं. मी पेडल दाबून पाहिलं, खाली जात नव्हतं. ते कडकच होतं. म्हणजे ऑइल ठीक, हवा नाही, चिमटा मिटतोय. पॅड डिस्कला धरतायत, पण डिस्क निसटतीये. गॅरेजातून गाडी दिली तेव्हा मी स्वतः ती पुष्कळ चालवून पाहिली होती, जागच्या जागी उभी राहत होती. मग मधल्या दिवसांत काय झालं?

मी चाक काढलं. डिस्कवर बोट फिरवलं, तर बोट घसरलं. नाकाशी धरलं. भज्यांच्या कढईचा वास.

"प्रशांत, ह्याला तेल कुणी लावलं?"

प्रशांत म्हणाला, "तेल? तेल कोण लावंल?" काकींनी नाही म्हणून मान हलवली. अर्ध्या उतारावर काठी टेकून बसलेले तात्या उठले. ते मागं वळले.

"मी लावलं," ते म्हणाले. "का?"

तात्या परत खाली आले. "काल सांजच्याला गाडी धुतली. आज पहाटं बघतो तर थाळीवर गंज. पिवळा जर्द. नवं लोखंड, एका रातीत गंजलं. म्हणलं पोरानं एवढं आणलं, मिस्त्रीनं एवढं बसिवलं, आन् असंच गंजत ठिवायचं? करडईचं तेल घेतलं, कापसाचा बोळा केला आन् लावलं. दोन्ही थाळ्यांस्नी. आतनं बाहेरनं. गाडी जरा जरा फुडं ढकलून पार सगळीकडं पोचवलं."

उघडं बीड धुतलं की रात्रीतून त्यावर गंजाची साय येते. पहिल्या दोन ब्रेकांत ती आपोआप निघून जाते. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं, कारण असं सांगायचं असतं हे मला कधी सुचलंच नव्हतं. आणि तात्यांनी तरी काय वेगळं केलं? खुरपं, विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ. जन्मभर घरात आलेल्या प्रत्येक लोखंडाला त्यांनी तेल दिलं होतं. तेल न लावता अवजार ठेवणारा माणूस आमच्याकडं आळशी म्हणून ओळखला जातो. काम मात्र इतकं चोख केलं होतं की माझ्या गॅरेजात कुणी इतकं मन लावून काही पुसलं असतं तर मी त्याला भागीदार करून घेतला असता.

प्रशांतचा आवाज चढला. "तात्या, ब्रेकला कुणी तेल..." मी त्याला हातानं गप्प केलं. माझ्याही तोंडात चार शब्द आले होते, ते मी गिळले. कारण तात्यांचा चेहरा बदलत होता. ते वाकून त्या डिस्ककडं बघत होते.

"मिस्त्री, म्हंजे ही थांबली न्हाय ती माझ्या तेलानं?"

"व्हय तात्या."

"तेल नसतं तर थांबली असती?"

"जागच्या जागी."

"बगा की. म्हंजे थाळीचा दोष न्हाय."

"न्हाय."

"मग तवा घाटात काय झालतं? तवा तर मी तेल लावलं नव्हतं."

मी त्यांना सांगितलं. चौथा गिअर, ब्रेकवर सारखा पाय, तापलेली डिस्क, उकळलेलं जुनं ऑइल. हे आधीही एकदा सांगितलं होतं, पण तेव्हा ते खुर्चीत बसून माझं ऐकत होते. आता समोर त्यांनी स्वतः बिघडवलेली डिस्क होती. त्यांनी तिच्यावरून बोट फिरवलं, नाकाशी धरलं. मग टोपी डोक्यावर घातली.

"इतकी वरसं मला वाटत व्हतं की घाट गाडीला भुतागत धरतो," ते म्हणाले. "हे तर आपल्या हातातलं हाय की सगळं. सांगा, काय करायचं ते सांगा. मीच पुसतो."

त्या क्षणी मला कळलं की हा माणूस घाट उतरणार.

पॅडनं तेल प्यायलं होतं. एकदा तेल प्यायलेला पॅड कितीही धुतला तरी भरवशाचा नसतो, तो टाकायचाच. प्रशांतला मी माझी मोटरसायकल दिली आणि बारामतीला पिटाळलं, गॅरेजातून नवे पॅड, गेज आणि ब्रेक क्लीनरचे डबे आणायला. तोवर आम्ही ट्रॅक्टर लावून गाडी उसातून मागं ओढली आणि अंगणात सपाटीला घेतली. काकींनी कढत पाणी आणि भांड्यांचा साबण दिला. डिस्का काढून तात्यांनी त्या स्वतः धुतल्या, मग दगडाच्या कट्ट्यावर ठेवून पॉलिश पेपरनं घासल्या. मी म्हणालो, "तात्या, बास झालं आता." ते म्हणाले, "तुमी गंज घासताना बास म्हणलं व्हतं का?"

प्रशांत आला. पुन्हा सगळं बसवलं, पुन्हा गेज लावलं. काटा पुन्हा जागचा हलला नाही.

पण काम इथं संपत नाही. नवा पॅड आणि स्वच्छ डिस्क यांची एकमेकांशी ओळख करून द्यावी लागते. गाडी वेगात न्यायची, ब्रेक जोरात दाबायचा, पण पूर्ण थांबायच्या आत सोडायचा. असं पुन्हा पुन्हा. मग न थांबता सावकाश चालवत गार होऊ द्यायची. त्यातून पॅडचा एक पातळ थर डिस्कवर सारखा चढतो आणि तोच पुढं पकड देतो. गाळप हंगाम संपलेला, उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर नव्हत्या. इंदापूर रस्त्याचा मोकळा पट्टा बघून मी स्टिअरिंगला बसलो. माझ्या शेजारी पुढच्या सीटवर, कुणी बोलावलं नसताना, तात्या येऊन बसले.

"कवा दाबायचं ते मी सांगणार," म्हणाले.

मी वेग घेतला. "दाबा!" तात्या ओरडले. मी दाबला. गाडीनं नाक खाली घातलं, पट्टा त्यांच्या छातीत रुतला. "सोडा!" सोडला. "आता पळवा!" पहिल्या दोनदा त्यांनी डॅशबोर्ड धरून ठेवला होता. नंतर एक हात सोडला. मग दुसरा. शेवटी शेवटी ते दोन्ही हात मांडीवर ठेवून, इंजिनवर रागावल्यासारखे आज्ञा सोडत होते आणि मागं काकी हसून हसून पदर तोंडात कोंबत होत्या. रस्त्याकडेच्या टपरीवरचे लोक आमच्याकडं बघत होते. पळणारी, थांबणारी, पुन्हा पळणारी गाडी आणि आत ओरडणारे टोपीवाले आजोबा. त्यांना काय वाटलं असेल ते असो.

फलटण, वाई करत आम्ही निघालो. पसरणीचा घाट चढला, महाबळेश्वर मागं पडलं आणि दुपार कलायला लागली तेव्हा आंबेनळीच्या तोंडाशी आलो. प्रशांत चालवत होता. मी त्याला दुसऱ्या गिअरात ठेवला, म्हणजे इंजिनच गाडीला आवरतं आणि ब्रेक तापत नाहीत. "इंजिनला धरू दे. ब्रेक थोडाच दाब, पण नीट दाब, आन् सोड. पाय वर ठेवून बसू नको." प्रत्येक वळणाला मी हेच म्हणत होतो. बाजूची दरी पाहायची माझी स्वतःचीच हिंमत होत नव्हती. कान चाकांकडं लागलेले, नाक वासाकडं. धूर नाही. थरथर नाही. पेडल कडक.

अर्ध्याहून जास्त घाट उतरल्यावर मागून तात्यांचा आवाज आला, "प्रशांत, थांबीव."

प्रशांतनं गाडी डोंगराच्या बाजूला घेतली. ती जागच्या जागी उभी राहिली. तात्या दार उघडून उतरले आणि गाडीच्या मागं गेले. काकी मागं वळून बघायला लागल्या. प्रशांत दबक्या आवाजात म्हणाला, "काका, हेच ते वळण. त्या वेळचं. इथंच गटारात घातली व्हती." आम्ही दोघं आरशात बघत बसलो. परत वर जाणारी एस.टी. येऊ नये असं मी मनात म्हणत होतो.

तात्या आले, धोतर सावरत आत बसले, दार लावलं. "चला. चहा जास्त झाला मगाशी."

"तात्या," प्रशांतला राहवेना, "वळखलं का? हे ते वळण हाय."

तात्यांनी काचेतून बाहेर पाहिलं. "व्हय? मला वाटलं ते अजून फुडं हाय."

मी इतका मोठ्यानं हसलो की प्रशांत दचकला. मग तोही हसला, काकीही. तात्यांना कळेना आम्हाला काय झालं. घाटाच्या पायथ्याशी गाडी थांबवून मी खाली उतरलो, चाकाजवळ हात नेला. डिस्क गरम होती, पण हवी तेवढीच. मला ओरडावंसं वाटत होतं. आयुष्यात हजार गाड्यांचे ब्रेक केले असतील, पण काम जिंकलं असं त्या दिवशी वाटलं.

सुनंदा उताराच्या तोंडाशी उभी होती. गाडी दिसल्यावर तिनं आधी ड्रायव्हरच्या शेजारी पाहिलं, तिथं मी. मग मागं पाहिलं. ती पळत आली नाही. जागीच उभी राहिली, आणि तात्या चालत तिच्यापर्यंत गेले. काय बोलले ते मी ऐकलं नाही, मी मुद्दाम चाकांशी खाटखूट करत राहिलो. दुसऱ्या दिवशी झाडाखाली बसून त्यांनी पहिला आंबा खाल्ला. जन्मभर ऊस पिकवलेला माणूस, एक शब्द न बोलता कोयीपर्यंत चोखत होता. सुनंदा समोर बसून त्यांच्या तोंडाकडं बघत होती. शेवटी म्हणाली, "आवो, सांगा की कसा हाय." तात्या म्हणाले, "दुसरा दे, मग सांगतो."

निघायची वेळ झाली तेव्हा त्यांनी पिशवी उचलायला नकार दिला. "तुमी जावा. मी आन् ही ऱ्हातो हितं. पोरीला बागंत पाण्याचं काय कळत न्हाय, पाट चुकलाय सगळा." आम्ही दोघंच परत आलो. तेव्हापासून नवी डिस्क लावलेली गाडी देताना मी प्रत्येकाला सांगतो, सकाळी गंज दिसला तरी तेल लावू नका. पुण्याकडचं गिऱ्हाईक हसतं. आमच्या भागातलं विचारतं, "मग काय लावायचं?"

काही आठवड्यांनी दुपारी मी एका गाडीखाली होतो, तर समोर धोतर दिसलं. बाहेर आलो. तात्या, डोक्यावर आंब्याची पेटी. काकी पावसापर्यंत लेकीकडंच राहणार होत्या. प्रशांत कुठंच दिसेना.

"गाडी कुठं उभी केली?" मी विचारलं.

"कसली गाडी? एस.टी.नं आलो. एकटाच."

म्हणजे आंबेनळी चढून आणि पसरणीचा घाट उतरून, एकटे. मी पेटी उतरवून घेतली आणि त्यांना खुर्ची दिली. ते बसले, टोपीनं घाम पुसला आणि तक्रारीच्या सुरात म्हणाले, "पसरणीला ड्रायव्हरचा पाय सारखा ब्रेकवर. मी मागनं उठून गेलो, म्हणलं बाबा, गिअर खाली घे, इंजिनला धरू दे. तो म्हणाला, आजोबा, तुमाला काय ठावं? काय काम करता तुमी?"

"मग काय सांगितलं?"

"सांगितलं की. म्हणलं, बारामतीला ब्रेकचं काम करतो."